गणू मरतच नाही

"या उंबरठ्याच्या आत जो आला, तो जिवंत बाहेर गेला नाही!" मनस्वी चिरक्या आवाजात किंचाळली, आणि नेमकं तेव्हाच दार उघडून घरभाड्याचा एजंट आत आला. त्याच्यामागे एक उंच, सावळा तरुण, हातात हेल्मेट.

मनस्वी खुर्चीवर उभी होती. डोक्यावरून ओढणी, हात वर, बोटं वाकडी. समोर निकेश आणि कीर्ती तोंडाला हात लावून बसलेले. एजंटाने घसा खाकरला. तरुणाने आधी छताकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग मनस्वीकडे... तिथे जरा जास्तच वेळ... आणि शांतपणे विचारलं,

"पाणी किती वाजता येतं?"

"सकाळी सहाला," मनस्वी म्हणाली, तीही चेटकिणीच्याच आवाजात. आवाज बदलायचं भानच राहिलं नाही बिचारीला.

तरुण हसला. हसताना त्याचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला दिसला. मनस्वी खुर्चीवरून उतरली ती ओढणीत पाय अडकूनच, आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

सुकापूरचा तो फ्लॅट निकेशच्या वडिलांचा. दयारामशेठनी आपल्या प्लॉटवर इमारत उठवली आणि तळमजल्यावर हौसेने पिठाची गिरणी टाकली. गिरणी चालली की वरच्या फ्लॅटमधली भांडीसुद्धा चालायला लागायची, त्यामुळे तिथे भाडेकरू म्हणून टिकत नसे. रिकाम्या फ्लॅटचा उपयोग निकेशने शोधला : दर रविवारी दुपारी गेम.

गेम म्हणजे मोबाइलवरचा नव्हे. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. चालवणारा सांगतो, समोर दरी आहे, पुलावर राक्षस उभा आहे. खेळणारे सांगतात, मग आम्ही असं करतो. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो : वीस म्हणजे हमखास जमलं, एक म्हणजे हमखास फसलं. चालवणाऱ्याला पुढचं सगळं ठाऊक असतं, खेळणाऱ्याला काहीच नसतं. मनस्वी कायम चालवायची. आठवडाभर ती पनवेलच्या एका कोचिंग क्लासची टाइमटेबलं लावायची, घरी आईच्या औषधांच्या वेळा लावायची आणि रविवारी राक्षसांच्या. पुढे काय होणार हे आपल्याला माहीत नाही, अशी वेळ आयुष्यात येऊच नये, असा तिने पक्का बंदोबस्त केला होता.

त्या तरुणाचं नाव प्रितेश. उरणच्या मोरा बंदरावरचा कोळी. घरच्या बोटी होत्या, पण याला कोन गावाजवळच्या एका गोदामात नोकरी लागली होती आणि रोजचा बाइकचा प्रवास त्याला झेपेना. त्याने फ्लॅट घेतला. गेमचं छप्पर गेलं म्हणून मनस्वी दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी निकेशचा फोन आला.

"तो म्हणतो, रविवारी या की. फक्त मलापन खेळायला घ्या."

"त्याला नियम येतात?"

"नाय. पन चहा करतो म्हनाला."

पहिल्याच रविवारी प्रितेशने आपल्या पात्राचं नाव ठेवलं गणू. धंदा, होडी वल्हवणं. शस्त्र, वल्हं. स्वभाव?

"चौकस," प्रितेश म्हणाला.

मनस्वीने त्या दिवसासाठी तीन तोंडांचा एक भयंकर द्वारपाल तयार केला होता. त्याच्याशी लढाई कशी होईल, कोण कुठून पळेल, सगळं ठरलेलं. गणू द्वारपालासमोर जाऊन उभा राहिला.

"जेवलास का?"

"काय?" मनस्वी म्हणाली.

"मी त्याला विचारतोय. तीन तोंडं हायत ना? मग तिघांत मासा खाणारा कोन, आणि उपासवाला कोन? पोट तर एकच. भांडणं होत असतील."

द्वारपालाच्या जेवणाचा विचार मनस्वीने केलाच नव्हता. मग तिच्या तोंडून, कोण जाणे कुठून, द्वारपालाचं मधलं तोंड बोलू लागलं : डावीकडचा सोमवार धरतो आणि उजवीकडचा त्याच दिवशी मुद्दाम बोंबील मागतो, फार जाच आहे हो. निकेश गडबडा लोळला. द्वारपालाने रडत रडत दार उघडून दिलं, लढाई झालीच नाही आणि मनस्वीचा सगळा बेत पाण्यात गेला. घरी जाताना ती चिडलेली असायला हवी होती. ती रिक्षात एकटीच हसत होती.

"तू माझी वाट लावतोस दर वेळी," पुढच्या रविवारी ती त्याला चहाच्या ओट्याजवळ म्हणाली.

"वाट तूच लावतेस, मी नुसता चुकतो." त्याने कप पुढे केला. "साखर कमी. बरोबर ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"बघितलं."

एवढंच. पण खाली गिरणी बंद असूनही मनस्वीच्या हातातला कप वाजला.

आता खरी गोम इथे आहे. चालवणारी बाई आपले फासे पडद्याआड टाकते. मनस्वीचा पडदा म्हणजे निकेशच्या बहिणीच्या लग्नपत्रिकांचे जाड, सोनेरी पुठ्ठे, एकमेकांना चिकटवून केलेले. त्याच्यामागे राक्षसाला किती पडले ते फक्त तिलाच दिसे. कीर्तीची पात्रं पटापट मरत. एक आगीत गेलं, एक विहिरीत, एक तर साध्या बकरीने मारलं. निकेशचंही तेच. गणूला मात्र साधं खरचटत नसे. विषाचा बाण आला की मनस्वी म्हणे, "चुकला." भिंत कोसळली की, "बाजूला पडली." फासा काय म्हणत होता ते पुठ्ठ्यामागे राही.

ती हे का करत होती? तिला पक्की भीती वाटत होती. गणू मेला की प्रितेशचा रस जाईल. रस गेला की रविवारी दार बंद होईल. मग कोनला जाणाऱ्या एका बाइककडे ती कुठल्या निमित्ताने बघणार? बाईंनी प्रेमाचंही टाइमटेबल लावलं होतं, आणि त्यात गणूच्या मरणाला जागाच ठेवली नव्हती.

"हा गणू मरतच नाही गं," कीर्ती एकदा डोळे बारीक करून म्हणाली. कीर्ती फिजिओथेरपिस्ट, कुणाचं कुठे दुखतंय ते तिला न सांगता कळतं. "मला बकरी मारते आणि हा अजगराच्या तोंडातून केस विंचरून बाहेर येतो."

"नशीब असतं एकेकाचं," मनस्वी म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

मग तो रविवार आला. लाईट गेलेली, गिरणी गप्प, आणि गणू एका खवळलेल्या राक्षसिणीसमोर उभा. प्रितेश गुडघ्यांवर बसला होता, श्वास रोखून. मनस्वीने पडद्यामागे फासा टाकला. वीस. वीस म्हणजे घाव बसलाच, गणू संपलाच. ती गोड आवाजात म्हणाली, "चुकला!"

आणि लाईट आली. खाली गिरणी धडधडली, टेबल थरथरलं आणि सोनेरी पुठ्ठे अदबीने प्रितेशच्या पुढ्यात आडवे झाले. मागे फासा. त्यावर वीस.

कीर्तीने हळूच तो फासा वाचला आणि "बकरी," एवढंच म्हणाली.

प्रितेश फाशाकडे बघत राहिला. "कधीपासून?"

"अरे, एकदाच..."

"मनस्वी."

"...पहिल्यापासून."

तो उठला. रागावला नव्हता, ते फार वाईट होतं. "मी रविवारी इथं घाबरायचो. खरं घाबरायचो. वाटायचं, आता गेला गणू. वाचला की सोमवारभर गोदामात शीळ घालत फिरायचो, आपन वाचवला म्हणून." त्याने कप उचलून सिंकमध्ये ठेवला. "मी लहान पोर हाय काय गं, मला जिंकवायला?"

माफी मागायची हे मनस्वीला रिक्षात सुचलं, घर आल्यावर.

आठवडा कसा गेला ते तिने बनवलेल्या टाइमटेबलात दिसलं. तिने केमिस्ट्रीच्या सरांना एकाच वेळी दोन वर्गांत पाठवलं. प्रितेशला तिने लांबलचक मेसेज लिहिले आणि सगळे पुसले. शनिवारी त्याचाच आला : "उद्या या. मी चालवणार. तू खेळणार."

तिने कीर्तीला फोन केला. "मी कधी खेळलेच नाहीये गं. समोर काय येणार, काही म्हणजे काहीच माहीत नसणार!"

"आम्ही असेच जगतो," कीर्ती म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी टेबलावर पडदा नव्हता. कागदही नव्हता. प्रितेश आणि त्याच्यापुढे उघडा फासा, बस्स. मनस्वीने आयुष्यातलं पहिलं पात्र घेतलं, तलवारवाली रंभा, आणि ती इतकं वाईट खेळली की सांगायची सोय नाही.

"भरती येतेय," प्रितेश म्हणाला. "तुमी तिघं खाडीच्या चिखलात रुतलाय."

"कमरेपर्यंत की गुडघ्यापर्यंत? आणि इथे खरं तर आधी एक इशारा द्यायला हवा होतास..."

"रंभा बोलतेय का मनस्वी?"

"...रंभा."

"मग रंभा, तोंडात चिखल जातोय. गप."

निकेश खूश होऊन चिखलात आणखी खोल गेला. प्रितेशला नियम येत नव्हते, राक्षसांची नावं तो विसरत होता आणि त्याच्या गोष्टीतला राजा, शिपाई, भूत, सगळेच त्याच्या भामाकाकूसारखे बोलत होते. पण भरतीचं पाणी छातीशी आलं तेव्हा मनस्वीने खरोखर पाय वर घेतले. पुढे काय होणार? कुणालाच माहीत नव्हतं! तिला भीती वाटत होती, आणि ती भीती भलतीच गोड होती. आपण त्या माणसापासून दर रविवारी हेच चोरत होतो, हे तिला तेव्हा कळलं. फार लाज वाटली तिला.

एवढ्यात एक होडी आली. होडीवर भामाकाकू, मासळीची पाटी घेऊन. आणि पाण्यात उतरून होडी ओढणारा, दुसरा कोण... गणू.

"रंभा गणूकडे जाते," मनस्वी पटकन म्हणाली.

प्रितेशने कमरेवर हात ठेवले आणि भामाकाकूचा आवाज काढला. "कोन गं तू? मघापासून बघते, आमच्या गणूच्या मागं मागं फिरतेस. त्याला वाराबी लागू देत नायस. आवडतो काय तुला?"

बोलून गेल्यावर त्याचे कान लाल झाले. निकेश चिखलात असूनही सावरून बसला.

मनस्वीने फाशाकडे हात नेला. "मी... टाकू?"

"ह्याला फासा नसतो," प्रितेश म्हणाला. हा आवाज काकूचा नव्हता.

तिने त्याच्याकडे पाहिलं. समोर काय लिहून ठेवलंय ते शोधायची तिची सवय. इथे काहीच लिहिलेलं नव्हतं. तो हो म्हणेल, नाही म्हणेल, हसेल... छे, काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"आवडतो," ती म्हणाली. "गणू नव्हे. तू. गणू मेला तर तू खेळायचं सोडशील, मग मी इथे कशाला येणार, म्हणून मी... खोटे फासे सांगितले. चुकलंच माझं. पण मला तुला जिंकवायचं नव्हतं रे. मला तू रविवारी हवा होतास."

प्रितेशचे कमरेवरचे हात खाली आले. "थांब... ह्याच्या पुढचं मी ठरवलंच नाय."

"ठरव की काहीतरी!"

"अगं, गणू मेला असता तर दुसरा कुणी घेऊन बसलो असतो. तो मेला तर तिसरा. बकरी घेऊन बसलो असतो!" तो कळवळून म्हणाला. "तुला काय वाटलं, मी गेमसाठी बसत होतो?"

मनस्वी हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. टेबलावरून त्याने हात पुढे केला. तिने तो धरला. गार होता आणि थरथरत होता. गिरणी बंदच होती.

"ओ," निकेश म्हणाला, "आमी दोघं बुडतोय हितं."

"खरंच की." प्रितेशने दुसऱ्या हाताने फासा तिच्याकडे सरकवला. "होडी ओढताना गणूचा पाय रुतलाय. वाचतो की जातो, तूच टाक. सगळ्यांसमोर."

मनस्वीने फासा उचलला. एका क्षणी तो खिशात टाकून पळून जावं असं तिला फार वाटलं. मग तिने डोळे मिटले आणि टाकला. फासा कीर्तीच्या कपाला धडकला, गिरकी घेऊन थांबला.

एक.

कीर्तीने दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली की खालून कुणीतरी "काय झालं?" म्हणून विचारलं. "गेला!" निकेश खिडकीतून ओरडला. "गणू गेला एकदाचा!"

मनस्वीने घाबरत घाबरत डोळे उघडले. प्रितेश मान खाली घालून गणूसाठी मनापासून हळहळत होता, आणि तिचा हात त्याने काही सोडला नव्हता.