कोणी हाय का आत?

परतीच्या पावसानं त्या दुपारी श्रीगोंद्याला चांगलंच झोडपलं. साखर कारखान्याच्या फाटकाजवळ माती तपासायची एक छोटीशी प्रयोगशाळा आहे. तिथं मनवा एकटीच होती. वीज गेलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा पावसात माती घेऊन कोण येणार? तिनं भिजलेला स्कार्फ सोडला, पिळला आणि खिडकीच्या गजावर टाकला. मग सवयीनं डोक्यावरून हात फिरवला. कानामागे रुपयाएवढी गुळगुळीत जागा, टाळूवर त्याहून मोठी, आणि मानेवर एक... नवीन.

तेवढ्यात बाहेरून हाक आली —

"कोणी हाय का आत?"

तिनं ओला स्कार्फ तसाच ओढून डोक्याला गुंडाळला, घाईघाईनं गाठ मारली आणि म्हणाली, "या."

दारात एक उंच तरुण होता, नखशिखान्त भिजलेला. त्याची पाठ तिच्याकडे होती. समोरच्या कडुनिंबाकडे तो असा बघत होता, जणू जन्मात पहिल्यांदाच कडुनिंब पाहतोय. मग सावकाश वळला आणि त्यानं टेबलावर एक पिशवी ठेवली. पिशवीतून चिखल गळायला लागला.

"ही माती ओली आहे."

"पाऊस पडतोय, मॅडम. मातीला छत्री कुठून धरू?"

"सावलीत वाळवून आणायची असते."

"मंग इथंच वाळवू की. माती पण वाळंल, मी पण वाळंन."

मनवाला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "कुठून घेतलीत?"

"बांधाजवळनं."

"बांधाजवळची चालत नाही. पुन्हा आणावी लागेल."

"म्हंजी मला परत यावं लागंल?"

"हो."

"लई वाईट झालं," तो म्हणाला, आणि तोंडभर हसला.

त्याचं नाव कानिफनाथ. ऊसरोपांची नर्सरी होती त्याची, गावापासून थोडी लांब. तो परत आला. मग पुन्हा आला. स्वतःची माती झाली, चुलत्याची झाली, चुलत्याच्या साडूचीही झाली.

"तुमची जमीन आहे तरी किती?" एकदा मनवानं विचारलंच.

"चार एकर. पण भावकी लई मोठी हाय, मॅडम. घाबरू नका, वर्षभर पुरंल."

पुढे कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं, 'मॅडम' मात्र चिडवण्यापुरतं राहिलं. रसवंतीवर तो तिला कायम पंख्यापासून लांबच्या खुर्चीवर बसवायचा आणि स्वतः पंख्याखाली बसायचा. याला उकडतं फार, असं तिला वाटायचं. मोटारसायकल तर इतकी हळू चालवायचा की सायकलवाले पुढे जात.

"बैलगाडी बरी रे यापेक्षा!"

"बैलांना इचारतो," तो मागं न बघता म्हणायचा.

सगळं जग तिला विचारायचं, ऊन नसताना स्कार्फ कशाला? कानिफनं कधीच विचारलं नाही. त्याचं लक्षच नसेल, असं म्हणून ती निश्चिंत होती... आणि कुठंतरी थोडीशी रुसलेलीही.

गावाकडे या आजाराला चाई म्हणतात. बेलापूरला तिच्या घराशेजारच्या साळूबाईंनी लसूण चोळायला सांगितला होता; चोळला, तर फोड आले. मग नगरच्या डॉक्टर दमयंतीबाईंनी तिला समोर बसवून समजावलं. शरीराचे राखणदार कधीकधी आपल्याच केसांच्या मुळांना परकं समजतात आणि त्यांच्यावर तुटून पडतात. मुळांभोवती दाह होतो, केस गळतात. "पण मुळं मेलेली नाहीत, मनवा. फक्त वेढ्यात अडकलीत. धीर धर." डॉक्टर तिच्या डोक्यात औषधाच्या बारीक सुया टोचायच्या आणि मनवा ओठ दाबून मनात एकच घोकायची — केस आले की त्याला सांगेन. आले की लगेच.

थंडीत कानिफनं तिला हुरड्याला बोलावलं. त्याच्या आई, चांगुणाबाई, आगटीजवळ कणसं चोळत होत्या. त्यांनी गरम हुरडा थेट मनवाच्या ओंजळीत ओतला.

"खा गं पोरी. किती वाळलीस. आन् ह्यो कान्या मातीचं निमित्त करून तुला तरास देतो म्हनं?"

"आये!" कानिफ लाल झाला.

दिवस कलताना दोघं ज्वारीच्या कडेकडेनं चालत बांधापर्यंत आले. वारा सुटला होता. मनवानं एका हातानं स्कार्फची गाठ घट्ट धरून ठेवली होती.

"आईला तू आवडलीस," तो म्हणाला.

"आणि?"

"आन् आईच्या लेकाला तर... पहिल्या दिवसापासनं." तो थांबला. "मनवा, तुला काय सांगायचं असंल तर सांग. कायपण असू दे. मी ऐकतो."

शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण कालच तिनं आरशात पाहिलं होतं. टाळूवर नुकती लव आली होती, तीही पांढरी, एखाद्या म्हातारीसारखी. अजून थोडे महिने... फक्त थोडे महिने. पण थांब म्हणावं, तर तो 'का' विचारणार. तिला असं कारण हवं होतं, ज्यावर आपल्याकडे कुणी 'का' विचारत नाही. आणि ते तिला लगेच सापडलं.

"बाबांना चालणार नाही," ती म्हणाली. "तू... आमच्यातला नाहीस ना."

कानिफ तिच्याकडे बघत राहिला. जणू तो भलतंच काहीतरी ऐकायला उभा होता.

"बरं," तो म्हणाला.

इतकंच. त्या संध्याकाळी मोटारसायकल पहिल्यांदा जोरात चालली. वाऱ्यानं स्कार्फ फडफडत होता आणि मनवा दोन्ही हातांनी डोकं धरून बसली होती.

त्यानंतर भावकीची माती संपली. नर्सरीच्या पिशव्या टेम्पोवाल्याबरोबर यायच्या, नीट वाळवलेल्या, नीट चाळलेल्या.

केस मात्र आले. आधी पांढरे, मग भुरे, मग काळेभोर. उन्हाळ्यात ती बेलापूरला घरी गेली तेव्हा तिच्या वडिलांनी, नृसिंहरावांनी, तिच्या डोक्यावरून कितीतरी वेळ हात फिरवला. मग चहा ओतता ओतता सहज विचारलं,

"त्या श्रीगोंद्याच्या मुलाचं काय झालं गं? आधी घरी आलीस की दिवसभर कानिफ असं म्हणाला, कानिफ तसं म्हणाला. मला वाटलं, एक दिवस घेऊनच येशील."

मनवाच्या हातातला कप तिथंच राहिला. "बाबा... तुम्हाला चाललं असतं?"

"तू विचारलंस कधी?"

परत आल्यावर तिनं त्याला फोन केला. "एकदा येशील?"

तो आला. हातात पिशवी नव्हती. दारातून त्यानं तिला पाहिलं, मोकळ्या केसांची, आणि त्याचा चेहरा लख्ख उजळला.

"आले व्हय सगळे!"

मनवा उभीच राहिली. "तुला... माहीत होतं?"

त्यानं जीभ चावली. मग मान खाली घालून म्हणाला, "पहिल्याच दिवशी दिसलं. तू पाठमोरी हुतीस, स्कार्फ वाळत टाकत. म्हणलं, परक्या मानसानं असं बघितलेलं तुला आवडायचं न्हाई. म्हणून मागं सरलो नि मंग हाक मारली."

पंख्यापासून लांबची खुर्ची. हळू चालणारी मोटारसायकल. मनवाला एकेक करून सगळं दिसत गेलं.

"मग तू बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून. त्या दिवशी बांधावर मला वाटलं, आता सांगनार. केसांचं सांगितलं असतंस तर भांडलो असतो तुझ्याशी. पण तू घरच्यांचं सांगितलंस. त्याच्यापुढं मी काय बोलनार?"

"बाबांना मी कधी विचारलंच नव्हतं, कानिफ."

बाहेर कारखान्याचा भोंगा झाला.

"रेश्मा नाव हाय तिचं," तो हळूच म्हणाला. "पारनेरची. मागच्या आठवड्यात साखरपुडा झाला. तुझं सगळं सांगितलंय मी तिला. म्हणली, बरं केलंत सांगितलंत ते." त्यानं मनवाकडे पाहिलं. "आता तिला मी काय सांगू... तूच सांग."

मनवाला डॉक्टरांनी सांगितलेले ते राखणदार आठवले, आपल्याच मुळांना परकं समजणारे. डोळे भरून आले, आणि पुसायला आज स्कार्फही नव्हता.

कानिफनं ते पाहिलं. तो हळूहळू मागं सरला, उंबऱ्याबाहेर गेला आणि पाठ करून कडुनिंबाकडे बघत उभा राहिला.

किती वेळ गेला कोण जाणे. तिचे हुंदके थांबले, तिनं तळहातांनी तोंड पुसलं. तेव्हा बाहेरून, तशीच पाठमोरी, हाक आली —

"कोणी हाय का आत?"

'या' म्हणायला तिचे ओठ उघडले... आणि मिटले.

"आहे," ती म्हणाली. "पण तू निघ आता. ऊन वाढतंय."

कडुनिंबाकडे बघतच त्यानं मान हलवली. मग मोटारसायकल सुरू झाली, आणि हळू, अगदी हळू, लांब गेली. पंख्याच्या वाऱ्यानं केस मनवाच्या डोळ्यांवर आले. तिनं ते तसेच राहू दिले.