शनिवारचा वाचनवर्ग

“ही धुळ्याचीच ना?”

जळगावच्या स्टँडवर बसच्या पायरीवर एक पाय ठेवून त्यानं विचारलं. चारुलतानं खिडकीतून हात काढून पाटी दाखवली. “एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय की!”

“चष्मा घरी राहिला,” तो ओशाळून हसला. गालावर खळी पडली... आणि शेजारची सीट रिकामी आहे याचं तिला उगीचच बरं वाटलं.

एरंडोल गेलं, पारोळा मागं पडलं, तरी बोलणं संपेना. पुनीत धुळ्याचा, जैन घरातला, भावाबरोबर कापडाचं दुकान बघायचा. चारुलता सावद्याच्या केळीवाल्यांची मुलगी, जळगावात एका संस्थेत नोकरीला. ज्या मुलांना वाचन जड जातं, अक्षरांची गल्लत होते, त्यांचा वर्ग घ्यायला ती दर शनिवारी धुळ्याच्या एका शाळेत जायची.

“अशी मुलं शिकतात?” त्यानं एकदम विचारलं.

“शिकतात. आपण घाई करायची नाही, बस.”

त्यानं शाळेचं नाव दोनदा विचारून घेतलं.

पुढच्या शनिवारी शाळेतल्या कोकिळामावशी दारातून म्हणाल्या, “मॅडम, एक जन पुतनीले लई उना शे.” तोच होता! बोट धरून त्याची पुतणी, तिसरीतली चेलना. तोंडानं चुरुचुरु बोलणारी, पुस्तक उघडलं की मुकी होणारी.

ताटात रवा पसरायचा, बोटानं अक्षर गिरवायचं, गिरवताना त्याचा आवाज काढायचा... असा तो वर्ग. पुनीत मागच्या बाकावर बसून राहायचा. दर शनिवारी. इतर पालकांना चारुलता सहज ‘भाऊ’ म्हणायची. याला म्हणताना जीभ अडायची.

“दुकान कोण बघतंय?”

“दुकान रोजचंच आहे. वर्ग एकदाच असतो.”

“वर्ग चेलनाचा आहे.”

“मी कुठं मध्ये बोलतो? नुसता बघतो.”

“काय बघता?”

“शिकवणं...” तो म्हणाला, आणि दोघंही घाईघाईनं रव्याच्या ताटात बघू लागले.

सहाव्या शनिवारी तिनं घरच्या सरावाचा कागद त्याच्यापुढे धरला. “जरा वाचून दाखवा, म्हणजे घरी चेलनाला कसं सांगायचं ते कळेल.”

त्यानं खिसा चाचपला. “चष्मा राहिला...”

“पुन्हा?” तिला खोडी काढायची लहर आली. “नाकावर खूण तर दिसत नाही. चष्मा कधी घेतलाय तरी का?”

आजूबाजूचे दोन-तीन पालक हसले. पुनीतचा चेहरा पांढरा पडला. कागद अलगद बाकावर ठेवून तो निघून गेला, आणि मग चारुलताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुलांच्या डोळ्यांतली ही भीती ती एका नजरेत ओळखायची. या डोळ्यांत मात्र ती दुसरंच काही शोधत बसली होती.

त्यानंतर चेलनाला तिची आजी, धापूबाई, आणू लागली.

“काका बरे आहेत ना गं?” चारुलता जमेल तितक्या सहज विचारायची.

“बरे आहेत. पण आता गाणं म्हणत नाहीत.”

तिनं माफीचा लांबलचक मेसेज लिहिला. पाठवणार, तोच बोट थबकलं... आपण कुणाला लिहितोय? सगळा पुसला आणि आवाज रेकॉर्ड केला. “पुनीतजी, मी चारुलता. चूक माझी. मी शिकवते, मला तरी कळायला हवं होतं... मागचा बाक रिकामा आहे. बघवत नाही.”

त्यानं ऐकल्याची खूण आली. उत्तर नाही. एक शनिवार, दुसरा, पाचवा... दार वाजलं की तिची मान वळायची. मार्च आला. या वर्षीच्या वर्गाचा शेवटचा शनिवार. मुलं पालकांसमोर वाचणार होती.

चेलना उभी राहिली. चार ओळी वाचल्या, ‘विश्वास’पाशी अडखळली. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

“हसू नका!” दारातून आवाज आला. पुनीत होता. “मी एकोणतीस वर्षांचा आहे. मला तेवढंही वाचता येत नाही.”

चेलनानं काकाकडे पाहिलं, बोटानं हवेत अक्षर गिरवलं आणि शब्द खणखणीत म्हणून टाकला. टाळ्या थांबेनात. चारुलताला मात्र समोरचं काहीच नीट दिसेना.

सगळे गेल्यावर तो व्हरांड्यात उभा होता.

“माझा मेसेज...”

“पाठ झालाय.”

“मग उत्तर का नाही दिलंत?”

“आधी घरी बोलायचं होतं, धीर व्हायला इतके दिवस लागले. आईला दोन गोष्टी सांगितल्या. एक, मला वाचायला शिकायचंय, जळगावला येऊन, दर रविवारी. दुसरी...” तो थांबला. “दुसरी, मला कोण आवडतं ते.”

चारुलतानं कठड्याला घट्ट धरलं. “काय म्हणाल्या?”

“दोन दिवस बोलली नाही. आज सकाळी विचारलं, ती कांदा-लसूण खाते का?”

ती खुदकन हसली. हसता हसता डोळे भरून आले. “तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हटलं, विचारून येतो.”

“सांगा त्यांना... वांग्याचं भरीत मला सुटणार नाही.” तिनं खाली मान घातली. “लसणावाचून करून बघेन.”