मीटर पाटावर बसलं तेव्हा

गळ्याशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा. गोष्ट पुढच्या काळातली, मग तुला आधीच कशी कळली, असं जो विचारेल त्याच्या वाटणीची चकली मी खाणार. गप ऐकायचं. हसू आलं तर सुरुवातीलाच हसून घ्या, कारण पुढे हसण्यासारखं फार नाहीये.

तर काय झालं, दसऱ्याच्या सकाळी कैलासमामाच्या उजव्या मांडीवर एक लाल चट्टा उठला. चांगला तळहाताएवढा. बघितलं तर वाटावं, कुणी तापलेला उलथना टेकवलाय. पण मामा चुलीजवळ गेला नव्हता, की गाडीच्या सायलेन्सरला पाय लागला नव्हता. आणि खरी गंमत पुढेच. आदल्या दिवशी त्याच्या अंगात जी पँट होती, ती खुंटीला टांगलेली होती. तिला ना डाग, ना भोक, ना जळका वास.

"मामा, पँट न जळता मांडी कशी जळली?" जाईनं विचारलं.

जाई त्याची भाची. दहा वर्षांची, सुट्टीला मामाकडे आलेली.

"उष्णता झाली असंल," मामा म्हणाला. "कालपासून पोटातपण ढवळतंय. उलट्या काय कमी झाल्या का?"

"पुरणपोळ्या मोजून खाल्ल्या असत्या तर झाल्या नसत्या," मामी कांदा चिरता चिरता बोलली. तिचं नाव छबू, आणि तिची जीभ विळीपेक्षा धारदार. "चट्ट्यावर तूप लावा नि पडा गुमान. आम्ही निघालो मांडवात."

ती तान्ह्या ठकीला आणि जाईला घेऊन मांडवात गेली. तिथे सणाचा स्वयंपाक होता, संध्याकाळी गोंधळ होता. त्यामुळे त्या दिवशी कुणी घरी फिरकलंच नाही. मामा एकटाच खाटेवर पडून होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ती वस्ती होती वाघदऱ्याच्या माळावर, पत्र्याच्या खोल्यांची. त्या काळात गाड्या हायड्रोजनवर (पाण्यापासून काढलेला, जळताना धूर न करणारा वायू) पळायच्या. तो वायू गावोगाव न्यायला माळावरून जाडजूड पाइप टाकत होते. मामा त्या कामावर मदतनीस होता. पाइपला पाइप जोडायचा, वेल्डिंग करायचं, आणि जोड आतून पक्का आहे का ते बघायचं.

आता लोखंडाच्या आत कसं बघणार? त्याला एक कॅमेरा असतो. आपल्या फोटोचा नव्हे हं. ही एक जडशीळ पेटी. तिच्या पोटात तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी धातूची कुपी, आणि कुपीला वीतभर तारेची शेपटी. कुपीत किरणोत्सारी पदार्थ (ज्यातून डोळ्यांना न दिसणारे, आरपार जाणारे किरण सतत बाहेर पडतात असा) बंद केलेला. लांब उभं राहून हँडल फिरवलं, की कुपी एका नळीतून सरकत जोडापाशी जाते, किरण लोखंडातून पार होतात आणि पलीकडच्या फिल्मवर जोडाचा फोटो उमटतो. मग हँडल उलटं फिरवायचं, की कुपी परत पेटीत. पेटीच्या भिंती अशा जड धातूच्या, की आतले किरण आतच अडतात.

असली पेटी ठेवायला सरकारी परवाना लागतो. तो धुमाळसाहेबांच्या ऑफिसात काचेच्या फ्रेममध्ये लावलेला होता. धुमाळसाहेब म्हणजे फोटो काढणाऱ्या टोळीचे मुख्य. खंडेनवमीला त्या फ्रेमलासुद्धा झेंडूचा हार घातला होता.

दसरा संपला, काम पुन्हा सुरू झालं, नि पहिलीच फिल्म कोरी आली. दुसरी पण कोरी. धुमाळसाहेबांनी किरण मोजायचं मीटर पेटीला लावलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पेटी रिकामी होती. कुपी गायब!

माणूस घाबरला होता, पण लपवलं नाही त्यांनी. लगेच फोन केला. तासाभरात जिल्ह्याच्या पथकाची गाडी आली, आणि गाडीतून हुंगऱ्या उतरला.

हुंगऱ्या म्हणजे यंत्रमानव, पण कुत्र्याच्या घाटाचा. चार पाय, पाठीवर घडी घातलेला लांबच लांब चिमटा, बाजूला शिशाचा डबा, आणि मागे झुबकेदार शेपूट. आनंद झाला की ती शेपूट अशी हलायची, की मागे उभ्या माणसाची टोपी उडायची. त्याच्या नाकात किरण मोजायचं यंत्र होतं. माळावर फिरताना ते सावकाश वाजत होतं. टिक... टिक... टिक...

"हे कशाला वाजतंय? इथे किरण आहेत?" जाईनं विचारलं. सगळी पोरं लांब पळाली होती. ही तेवढी मागे मागे, हातात सणातली उरलेली फुलबाजी नि काडेपेटी.

"थोडे सगळीकडेच असतात, ताई. दगडात, मातीत, आभाळातून येणारे. एवढ्यानं काही होत नाही. मी शोधतोय ते वेगळं. तू कुठे चकचकीत दाणा पाहिलास? वीतभर तारेचा?"

जाई पायानं माती उकरायला लागली.

पाहिला होता की. खंडेनवमीच्या संध्याकाळी मामानं खिशातून काढून दाखवला होता. "जाये, हे बघ माझं दसऱ्याचं सोनं! मातीत घावलं. तुझ्या दप्तराला लावून देईन. पण कुणाला बोलू नको. साहेबाला वाटंल मी चोरलं, माझी नोकरी जाईल. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घे." तिनं घेतली होती. आणि शपथ मोडली, की ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याचं वाईट होतं, हे तर सगळ्यांनाच माहीत. मामा आधीच आजारी. आता शपथ मोडली तर?

"नाही पाहिला," ती म्हणाली. मग हळूच, "समजा कुणी खिशात ठेवला, तर काय होतं?"

हुंगऱ्याची शेपूट थांबली.

"तुझ्या हातात फुलबाजी आहे ना? लाव. दुसरा तळवा जवळ धर."

तिनं लावली. ठिणग्या तळव्यावर टोचल्या.

"आता लांब ने."

हात लांब गेला तशी एखादीच ठिणगी लागली.

"ठिणग्या तेवढ्याच उडतात, पण सगळीकडे पांगतात. दुप्पट लांब गेलीस, तर तुझ्या तळव्यावर पाव हिस्साच पडतो. तिप्पट लांब, तर नववा हिस्सा. कुपीच्या किरणांचं तसंच. म्हणून पहिली गोष्ट, लांब राहायचं. आता ताट मधे धर."

तिनं कुणाच्या तरी ओट्यावरचं ताट मधे धरलं. ठिणग्या ताटावर आपटून विझल्या.

"ही आड. पण किरण अशा पातळ ताटातून, कपड्यातून, कातडीतून सरळ पार जातात. त्यांना जाड शिसं किंवा जाडजूड काँक्रीट लागतं. आणि तिसरी गोष्ट वेळ. जितका कमी वेळ जवळ, तितकं कमी नुकसान."

"पण ते गरम लागत नाही. मग भाजतं कसं?" ती बोलली, आणि जीभ चावली.

हुंगऱ्यानं ते ऐकलं, पण तो उत्तर देत राहिला. "आपलं अंग पेशींचं (डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्या घरांचं) बनलंय. प्रत्येक घरात, नवीन घर कसं बांधायचं ते लिहून ठेवलेलं असतं. किरण ते लिखाणच फाडतात. त्या वेळी काहीच कळत नाही. आधी उलट्या होतात, मग कातडी लाल होते, मग फोड येतात. कपडा शाबूत राहतो, आतला माणूस भाजतो."

पँट न जळता मांडी कशी जळली, ते जाईला आत्ता कळलं. आणि खुंटीवरची पँट डोळ्यांपुढे आली. त्या खुंटीच्या बाजूलाच ठकीची झोळी. रात्री ठकी मामीजवळ बाहेर ओट्यावर निजायची, आणि काल दिवसभर झोळी रिकामी होती. आज मामी ठकीला घेऊन घरी आली होती.

"हुंगऱ्या, मी शपथ घेतलीय."

"कुणाची?"

"मामाची. सांगितलं तर त्याचं वाईट होईल."

"वाईट कुपी करते, ताई. शपथ मोडून किरण सुटत नाहीत. आणि गप्प बसून ते थांबतही नाहीत."

जाईनं डोळे गच्च मिटले, नि बोलून टाकलं. "मामाच्या पँटीत! खुंटीला! ठकी तिथंच झोपलीय!"

ती पळत सुटणार तोच हुंगऱ्या आडवा आला. "आत जायचं नाही. पँटीला हात लावायचा नाही. ते काम माझं. तू लांबून हाक मार."

दोघं खोलीजवळ आले. टिकटिक वाढत गेली, आणि तापल्या तेलात मोहरी टाकावी तशी तडतडायला लागली.

"मामीऽऽ! ठकीला घेऊन बाहेर ये!"

"आत्ताच झोपलीय ती!" आतून मामी. "तूच ये नि कोथिंबीर निवड!"

"मामी, किरण आहेत!"

"कोण किरण? बस म्हणावं ओट्यावर, चहा ठेवते."

आता हिला किरणोत्सार समजावत बसायचं का? जाईनं सगळा दम गोळा केला, नि किंचाळली, "साऽऽप! मामी, झोळीवर साऽऽप!"

मामी ठकीला छातीशी धरून अशी बाहेर आली, की चपला आतच राहिल्या. मागून लंगडत, भिंत धरत मामा.

"पण तिथे साप नाही," हुंगऱ्या म्हणाला.

"गप रे!" जाई ओरडली. "जा आत!"

हुंगऱ्या आत गेला. लांबच लांब चिमटा उघडला, पँट झटकली, कुपी जमिनीवर पडली, ती चिमट्यानं उचलून शिशाच्या डब्यात टाकली, झाकण फिरवलं. तडतड थांबली. टिक... टिक...

मामा ओट्यावर बसला होता. चट्टा एव्हाना सुजून जांभळा पडला होता. "सांगितलंस?"

"हो."

मामानं तोंड फिरवलं.  जाईला वाटलं, त्यानं एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

कुपी सुटली कशी, तेही कळलं. खंडेनवमीला दुपारी पूजा मांडली. पाना, हातोडी, करवत, वेल्डिंगचा होल्डर, सगळं पाटावर, हळदकुंकू, झेंडू. मीटरही पाटावर. कॅमेराही मांडायचा, पण एक जोड राहिला होता. एवढा एक फोटो काढू, मग तोही ठेवू, असं ठरलं. फोटो निघाला. आता दर वेळी, कुपी पेटीत परत आली का, हे मीटरनं बघायचं असतं. पण मीटर तर पाटावर बसलेलं! पूजा झालेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नसतं. कुणाचा हात होईना. "रोज येते की कुपी परत, आजही आली असेल," म्हणाले. आणि नेमकी त्या दिवशी कुपी तारेपासून निसटली होती. नळी गुंडाळताना ती मातीत पडली.

"पूजेत चूक नव्हती, साहेब," हुंगऱ्या धुमाळसाहेबांना म्हणाला. "हत्यारांना सुट्टी, म्हणजे सगळ्याच हत्यारांना सुट्टी. तुम्ही कॅमेऱ्याला कामाला लावलं, आणि त्याच्या राखणदाराला पाटावर बसवलं."

धुमाळसाहेब मान खाली घालून ऐकत होते. परवाना फ्रेममध्ये होता, हारात होता. तो थोडाच टिकटिक करणार?

अँब्युलन्स आली. स्ट्रेचर ठेवलं. पण मामाला उचलायला कुणी पुढे येईना. कालपर्यंत याच्या ताटात जेवणारी माणसं चार पावलं मागे सरकली.

"शिवलं तर आपल्याला पण होईल," कुणीतरी पुटपुटलं.

मामाचा चेहरा तेव्हा कसा झाला, ते सांगत नाही. मांडी दुखत होती तेव्हाही तो इतका लहान दिसला नव्हता.

जाई सरळ गेली नि तिनं मामाचा हात धरला. "फुलबाजीनं हात भाजला, तर त्या हातातून ठिणग्या उडतात का?" ती सगळ्यांवर ओरडली. "किरण कुपीतून निघतात! कुपी डब्यात गेली! हुंगऱ्या, दाखव यांना!"

हुंगऱ्यानं नाक मामाच्या मांडीशी नेलं. टिक... टिक... मग शेजारच्या दगडाशी नेलं. टिक... टिक...

"सारखंच," तो म्हणाला. "कुपी फुटली असती, तिची पूड अंगाला लागली असती, तर गोष्ट वेगळी. ही शाबूत आहे. माणूस भाजलाय, माणूस कुपी झालेला नाही."

आधी धुमाळसाहेब पुढे आले. मग बाकीचे. आणि मामी, ठकीला कडेवर मारून, रडत रडत, "पुरणपोळ्यांना उगीच नावं ठेवली मी," असं काहीतरी म्हणत.

मामा वाचला. पण त्या मांडीवरचे फोड भरेनात. आतून आतून मांस मरत गेलं, आणि पावसाळा यायच्या आत डॉक्टरांना त्याचा उजवा पाय काढावा लागला. मामीचं, ठकीचं, जाईचं रक्त पुन्हा पुन्हा तपासलं. ते ठीक निघालं. धुमाळसाहेबांचा परवाना गेला, आणि जायलाच हवा होता.

पाय काढला त्या दिवशी जाई खाटेशेजारी बसली होती. "मामा, मी शपथ मोडली म्हणून..."

"येडी का तू?" मामा म्हणाला. आवाज खोल गेलेला. "पहिल्या दिवशीच मोडली असतीस तर कदाचित पाय राहिला असता. असली शपथ घ्यायला लावणाराच गाढव." मग त्यानं रिकाम्या बाजूची चादर सारखी केली, आणि म्हणाला, "ठकी कुठंय? आण तिला जरा."

पुढच्या खंडेनवमीला दुसऱ्या एका माळावर पाट मांडला होता. कैलासमामा नव्या, यंत्राच्या पायावर उभा राहून नव्या पोरांना शिकवत होता. लांब, आड, वेळ. आणि अनोळखी चकचकीत वस्तू दिसली, तर हात न लावता लांब जाऊन सांगायचं. कॅमेरा कुलपात बंद होता. कुपी आत असल्याचं मीटरनं आधी बघितलं, मगच कुलूप लागलं. आणि मीटर? त्याला पाटावर बसवलंच नाही. जाईनं ते चालू ठेवूनच हातात धरलं, मामीनं त्याला हातातच कुंकू लावलं. आरती चालू होती, आणि मधून मधून ते आपलं बोलत होतं. टिक... टिक... पोरांना ताल धरायला बरं पडलं.

संपली गोष्ट. आता कबूल करते, यातली एक गोष्ट मी मनानं जोडली. लगेच डोळे चमकले बघा तुमचे! तुम्हाला वाटलं, पाय खोटा.

नाही रे बाळांनो. खोटी होती हुंगऱ्याची शेपूट.