बाबांच्या खुर्चीतले पाद्री

सोफीने रानतांदळाच्या भाताचा वाडगा बाबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला आणि पाद्रीसाहेब नेमके त्याच खुर्चीत जाऊन बसले. या माणसाला सांगायचं तरी किती? दोन हिवाळे ती त्यांच्यासोबत बसून स्तोत्रं आपल्या ओजिब्वे भाषेत उतरवत होती. ओळ लांबली की साहेब कापत. शेवटचं कडवं बाबांनी स्वतः रचून दिलं होतं. त्यावर तर साहेबांनी सरळ काट मारली. "इतकं रेंगाळत कोण गाणार?" म्हणाले होते.

आता बाबा भिंतीलगत चादरीखाली कायमचे निजले होते. बाहेर तळ्याच्या कडेने बर्फ धरू लागला होता आणि खोलीत ओल्या लाकडाचा धूर कोंडला होता. मेलेल्यासाठी गाणं पावलापावलानं गायचं, म्हणजे त्याला गाण्याबरोबर चालत पलीकडे जाता येतं. बाबांनी अख्ख्या गावाला असं पोचवलं होतं. त्यांनाही कुणीतरी नीट पोचवावं, एवढंच सोफीला हवं होतं.

"साहेब, उठा तिथून," आत्या म्हणाली. "ती त्याची जागा आहे."

"मेलेल्याला खुर्ची कशाला? चला, अंधाराआधी पुरायचंय."

त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि मागे लांडगे लागल्यासारखं स्तोत्र उरकलं. जमलेल्या गाणाऱ्यांना धाप लागली.

"झालं," साहेब म्हणाले.

"झालं? तो अजून दाराशीसुद्धा पोचला नसेल..." आत्या म्हणाली.

सोफीला रडू येईना, नुसता संताप येत होता. ती तोंड उघडणार तोच जमिनीवर ठेका ऐकू आला. संथ, जरासा फरफटत. बाबांचा अधू डावा पाय असाच पडायचा. पण हा बूट पाद्रीसाहेबांचा होता.

"सोफी... माझा पाय..." त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी नाही हलवत..."

आणि ते गाऊ लागले. काट मारलेलं तेच कडवं, शब्दन् शब्द. एरवी या भाषेत त्यांची जीभ दर शब्दाला ठेचकाळायची. गाणाऱ्यांपैकी कुणी सूर धरला नाही.

कडवं संपलं. आता तरी बाबा गेले असतील, म्हणून सोफी दाराकडे बघत राहिली. पाद्रीसाहेबांनी वाडगा ओढून एक घास घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"पोरी, मेपलची साखर विसरलीस."

साहेब गोडाला कधी शिवत नसत.

आत्याने सोफीचा हात घट्ट धरला. "आता..." ती पुटपुटली, "पुरायचं कुणाला?"