आमचं मानूस

माणदेशातल्या पावसाचा अंदाज सांगणं म्हणजे शिव्या खायची नोकरी, असं सुमंत नेहमी म्हणायचा. तो मूळचा सांगलीजवळच्या माधवनगरचा. साताऱ्यातल्या एका खासगी कंपनीत बसून दिवसभर पडद्यावर ढग बघायचा. तिकडे घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असला तरी म्हसवडकडचा माळ कोरडा ठणठणीत. मग सप्टेंबरातल्या एखाद्या तापलेल्या दुपारी ढग उभा राहायचा, विजा माळभर नाचायच्या, आणि पुन्हा जैसे थे.

त्या माळावर दहा-बारा घरांची एक वस्ती होती. तिथे हजेरीची चाल पडली होती. ती पाडली ज्ञानूने. फौजेतून निवृत्त होऊन तो शेरडं राखायचा. सुमंतचा इशारा फोनवर आला, की ज्ञानूची बायको हरणाबाई देवळातल्या कर्ण्यावरून माळावर असलेल्या एकेकाचं नाव घ्यायची. ज्याचं नाव, त्याने ‘हाजर’ म्हणून ओरडायचं आणि घरची वाट धरायची. ओ आली, की ते माणूस सुटलं, पुढचं नाव. हजेरी सुरू झाल्यापासून वस्तीत कुणावर वीज पडली नव्हती. सुमंतला त्याचा मनातून फार अभिमान होता.

यंदा मात्र हरणाबाईचा फोन आला तो वेगळ्याच कारणाने.

“सायेब, नावं सरली तरी मागनं एक हाजर येतोय. कुनाचा, ते कळंना.”

“मावशी, टेकडीवर आपटून आवाज परत येत असेल.”

“आदी नुसतं घुमायचं. आता सबूद फुटाय लागलाय.”

वस्तीवरचं पाऊस मोजायचं यंत्र तपासायला जायचंच होतं. त्या निमित्ताने सुमंत गेला.

दुपारी हवा अशी कोंदली होती की कुत्रीसुद्धा सावलीतून हलेनात. पूर्वेला फुलकोबीच्या गड्ड्यासारखा ढग वर चढत होता. सुमंतने फोनवर रडारचं चित्र पाहिलं आणि तो देवळात आला. “मावशी, बोलवा सगळ्यांना. अर्ध्या तासात येईल.”

हरणाबाईने माइक तोंडाशी धरला. “तानुबाई.” ओढ्याकडून हाजर आलं. “अर्जुना.” टेकडीखालून हाजर आलं. एकेक करत सगळे सुटले. शेवटी तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“आन् आमचं मानूस.”

सुमंतला हसू आलं. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं, ते कर्ण्यावर कुठून निघणार.

“हाजर.”

लगेच आलं, आणि अगदी जवळून. देवळाच्या मागूनच. दोघंही थांबून ऐकत राहिले. जास्तीचा आवाज आज आला नाही.

“बघा, गेला तुमचा पाहुणा,” सुमंत म्हणाला.

हरणाबाई हसली नाही. “ह्यास्नी दोन-तीन हाका माराव्या लागत्यात. तोफांनी कान गेल्यात त्येंचं.”

“मग पुन्हा मारा.”

“ओ आल्यावर परत हाक मारत न्हाईत.”

चाल म्हणजे चाल. हरणाबाई घराकडे निघाली, आणि सुमंतही वाद न घालता तिच्या मागोमाग गेला.

घरात शिरेपर्यंत पाऊस सुरू झाला, तो बघता बघता समोरची बाभळ दिसेना एवढा. त्या पावसातून ज्ञानू आत आला. त्याने दाराला कडी घातली आणि चुलीपुढे बसला.

“शेरडं?” हरणाबाईने विचारलं.

“मागनं येत्यात.”

सुमंत त्याच्याकडे बघत राहिला. खांद्यावरच्या घोंगडीवर पाण्याचा थेंब नव्हता. पायाला चिखल नव्हता. काहीतरी कारण असेल, असं सुमंतने स्वतःला सांगितलं. कारण सापडलं नाही.

हरणाबाईने नवऱ्याला टॉवेल द्यायला हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.

तेवढ्यात बाहेर शेरडांच्या घंटा वाजल्या.

“हाजर!” आवाज घोगरा, दमलेला, माळाच्या बाजूने. मग अंगणात. “हरणे, दार उघड. लय इजा चमकत्यात.”

चुलीपुढचा ज्ञानू विस्तवाकडे बघत म्हणाला, “उघडू नगंस. त्यो मी न्हवं.”

दोन्ही आवाज एकच होते.

सुमंत उठला. त्याचा हात कडीवर गेला. विजेखाली माणूस उभा आहे, दार उघडायचं, एवढं कळायला हवामानशास्त्र लागत नाही. पण दारापलीकडे कोण आहे, ते कळत नव्हतं, आणि हात कडीवरच राहिला.

“मावशी,” तो म्हणाला, “नाव घ्या. नुसतं ‘आमचं’ म्हणून कुणीही ओ देईल. नाव घ्या.”

हरणाबाईचे ओठ हलले. नाव आलं नाही.

“आगं, नाव घे की माजं,” बाहेरचा रडवेला झाला होता. “तुला वळख पटंना व्हय?”

तिने तोंडावर पदर दाबला. एवढ्या वर्षांची सवय सुटेना.

सुमंतने कडीवरचा हात काढला.

दाराच्या फटी पांढऱ्याफेक झाल्या.

जमीन हादरली. मग नुसता पाऊस.

हरणाबाईने सुमंतला बाजूला ढकललं आणि दार उघडलं. शेरडं दाराशी गोळा झाली होती, पण एकही उंबरा ओलांडेना. अंगणात भिजलेली घोंगडी पांघरलेलं कुणीतरी पालथं पडलं होतं. घोंगडीतून धूर निघत होता.

“ज्ञानू,” ती म्हणाली. मग मोठ्याने, “ज्ञानू!”

अंगणातून ओ आली नाही. चुलीपुढच्यानेही मान वर केली नाही.

ती हाका मारत राहिली. बऱ्याच वेळाने आतून, अगदी मायेने, आवाज आला.

“कुनाला हाका मारतीयास? तुमचं मानूस घरातच हाय की.”