पिंपातलं इंजिन

बेबी गॅरेजवाल्याकडे नवा प्लग घ्यायला गेली, तेव्हा तो आधी तिच्या हातातल्या जुन्या प्लगकडे बघून हसला आणि मग तिच्याकडे बघून. चाळिशी उलटली, केस रंगवायचासुद्धा कंटाळा यायला लागला, तरी घरात ती बेबीच होती, आणि घरातून ते नाव सगळ्या गल्लीत गेलं होतं.

"बेबीताई, हे होडीचं इंजिन माझ्या जन्माच्या आधीचं. भंगारात द्या की."

"मलाही देतील उद्या. प्लग काढा."

बाबांना तळ्याकाठच्या घरात एकटं ठेवणं आता शक्य नव्हतं. गॅस चालू राहून गेला होता, परवा ते न्हाणीत पडले होते. बेबीच्या फ्लॅटमध्ये त्यांची खोली तयार होती, पण बाबा काही हलायला तयार नव्हते.

"धाकटा आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?"

धाकटा म्हणजे बेबीचा काका. ती शाळेत असताना एका संध्याकाळी तो होडी घेऊन तळ्यात गेला. दुसऱ्या दिवशी होडी पलीकडच्या लव्हाळ्यात सापडली, इंजिनासकट. काका नाही. सगळे रडले, बाबा सोडून. त्यांनी फक्त इंजिनाचा पेट्रोलचा कॉक पाहिला. उघडा होता. काकाची एक सवय होती. धक्का जवळ आला की तो कॉक आधीच बंद करायचा आणि नळीत उरलेल्या थेंबांवर होडी काठाला आणायचा. होडी धक्क्याला टेकायची आणि त्याच क्षणी इंजिन विझायचं. कधी चुकलं नाही. तेव्हा कॉक उघडा, म्हणजे धाकटा अजून वाटेत, हा बाबांचा हिशेब. इतक्या वर्षांत त्यांनी त्या कॉकला कुणाला बोट लावू दिलं नव्हतं.

शेवटी बाबाच म्हणाले होते, "इंजिन बंद पडलं म्हणून अडकलाय तो. तू एकदा चालू करून दे. मग म्हणशील तिथे येतो."

म्हणून बेबीने रजा काढली. मोबाइलवर व्हिडिओ बघितले. कार्बोरेटर उघडून नवऱ्याच्या टूथब्रशने घासला आणि तो ब्रश धुऊन परत जागेवर ठेवायचा विचार झटकून टाकला. मागच्या अंगणात प्लास्टिकच्या पिंपात नळाचं पाणी भरलं, कडेला फळी बांधून इंजिन त्यावर अडकवलं, पंखा पाण्यात. बाबा लांब, पायरीवर खुर्ची टाकून बसले. ऊन कलत होतं.

वरच्या चाकाला दोरी गुंडाळायची आणि ओढायची. तिने ओढली. दोरी सुटून सटकन तिच्याच कमरेवर बसली.

"धाकट्याचंही असंच व्हायचं," बाबा खूश होऊन म्हणाले.

"मग त्यालाच बोलवा ना!"

बोलून गेली आणि जीभ चावली. पुन्हा दोरी गुंडाळली. ओढली.

इंजिन खोकलं. मग निळा धूर सोडत एकदम सुरू झालं, फट् फट् फट्... पिंपातलं पाणी गरगरायला लागलं. बेबी आनंदाने ओरडलीच. बाबा मात्र डोळे मिटून ऐकत होते.

"निघाला," ते म्हणाले.

आवाज हळूहळू बदलत होता. फळीवरचं इंजिन जागचं हललं नव्हतं, पण आवाज मात्र लांबून येत होता. भिंतीपलीकडून, पाण्यावरून...

"लव्हाळी ओलांडली. आता वळेल."

आवाज वळला. पिंपातून शेवाळाचा वास यायला लागला, गार, खोल पाण्याचा. सकाळी तिनेच नळ सोडून पिंप भरलं होतं. तिने हातातली दोरी घट्ट धरली.

"बाबा... पुरे ना? बंद करते."

"तू नको. तो करेल."

तिची नजर कॉकवर गेली. कॉक बंद होता.

इंजिन अजून चालत होतं, मंद, शेवटच्या थेंबांवर. मग लाकडावर लाकूड टेकावं तसा आवाज झाला, ठक्, आणि इंजिन विझलं. प्लास्टिकच्या पिंपातलं पाणी हेलकावत राहिलं.

बाबा उठले. कितीतरी दिवसांनी काठीशिवाय.

"चल. आता कुलूप लाव."

बेबीने कुलूप लावलं. काही विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, याचीच तिला भीती वाटत होती. बॅग डिकीत टाकली. गाडीचा पुढचा दरवाजा उघडला, तर बाबा मागच्या सीटवर जाऊन बसले होते.

"पुढे बसा की, पाय मोकळे राहतील."

"नको. धाकट्याला मागे बसलं की मळमळतं."

तिने हसायचा प्रयत्न केला. दरवाजा लावला, वळसा घालून आत बसली, आपला पट्टा अडकवला, गाडी सुरू केली. टिंग, टिंग, टिंग. काचेखाली लाल दिवा लागला होता, शेजारच्या सीटचा पट्टा लावलेला नाही म्हणून. सीटवर आपली पर्स असेल, म्हणून तिने पाहिलं. पर्स तिच्या मांडीवर होती.

टिंग, टिंग.

"लावून दे गं त्याला," मागून बाबा म्हणाले. "त्याच्या वेळी हे नव्हतं."

बेबीने समोर बघतच हात लांब केला, पट्टा ओढला आणि खटकन अडकवला. टिंगटिंग थांबली. गल्लीच्या वळणावर तिने आरसा बघायच्या निमित्ताने मान वळवली. पट्टा सीटला टेकलेला नव्हता. वीतभर पुढे होता, ताणलेला, आणि अगदी हळू वरखाली होत होता.