दहा मिनिटं मागे

माणूस शिकलासवरलेला, अक्षर असं की कागदावरून बोट फिरवावंसं वाटावं, आणि वागणं मात्र कान धरून उभं करावं असं. एखादी मुलगी आवडली तर दोनच वाटा असतात. एक तर सांगायचं, नाहीतर गप्प बसायचं. ह्याने तिसरीच काढली.

झालं काय, मामा गेले आणि त्यांचं चावीचं घड्याळ ह्याच्या मनगटावर आलं. पट्टा विरला होता, म्हणून ते जिथून घेतलं होतं त्या दुकानात हा गेला. दुकान असं, की आत शिरताना माणूस आधी स्वतःच्या चपलांकडे बघतो. एका बाजूला घड्याळं, दुसऱ्या बाजूला सोन्याच्या निबांची पेनं, आणि मागे काचेची भिंत. काचेआड कारागीर बसायचे. चार बाप्ये आणि एक ती.

तिने मान वर केली, डोळ्यातलं काळं भिंग काढलं आणि बाहेर आली. भिंग धरून धरून डोळ्याभोवती लालसर वर्तुळ उमटलं होतं. ह्याला हसू आलं.

"हसायला काय झालं?"

"काही नाही... चंद्राला खळं पडलंय."

"खळं पडलं की पाऊस येतो म्हणतात," ती पट्टा मोजत म्हणाली. "छत्री आणलीत का?"

झालं. पट्टा बदलायला लागली पाच मिनिटं, आणि तेवढ्यात ह्याचं कामच झालं.

आता अशा दुकानात रोज उठून कोण जाणार, आणि काय म्हणून? आठ दिवस हा बाहेरच्या काचेवरून चकरा मारत राहिला. मग एका शनिवारी कोपऱ्यावर थांबला, चावी ओढली, काटे दहा मिनिटं मागे केले आणि आत शिरला.

"घड्याळ मागे पडतंय हो. रोज दहा मिनिटं."

तिने घड्याळ उघडलं, तपासायच्या यंत्रावर ठेवलं. यंत्र म्हणालं ठीक आहे. पण यंत्रापेक्षा गिऱ्हाइकाचा शब्द मोठा, असा तिथला रिवाज. तिने सगळं सुटं केलं, पुसलं, तेलाचा थेंब थेंब दिला. हा काचेजवळच्या खुर्चीत बसून बघत राहिला. केसापेक्षा बारीक स्क्रू ती चिमट्यात अशी धरायची, जणू झोपलेल्या बाळाचं बोट.

"तुमच्या मामांनी जपलंय," ती म्हणाली. "तुम्ही काय करता ह्याचं? उशीखाली दडपता?"

"मनगटावरच असतं. हल्ली तिथे धडधड जरा जास्त असते..."

तिने तोंड फिरवलं. हसू लपवायला माणूस तोंड फिरवतो, आणि कान मात्र लाल होऊन सगळं सांगून टाकतात.

जाताना मॅनेजरबाईंनी तक्रारीची वही पुढे केली. ह्याचा धंदाच लिहिण्याचा, मानपत्रं लिहायचा, सनदा लिहायचा. दुकानातलं भारी पेन हातात आलं आणि गडी हुरळला. लग्नपत्रिका लिहावी तसं लिहिलं: घड्याळ रोज दहा मिनिटे मागे पडते. खाली सही. पुढच्या शनिवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा. दुकानातल्यांनी ह्याचं नावच पाडलं, दहामिनिटे.

आणि ती? शनिवार आला की ती वेणी जरा निगुतीने घालायची. तो दारात दिसला की आनंद व्हायचा, आणि पाठोपाठ स्वतःचीच लाज वाटायची. आपलं काम फसलंय म्हणून हा माणूस आलाय, आणि आपल्याला बरं वाटतंय? कसली ही कारागीर! तिसऱ्या खेपेला घड्याळ उघडताना आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातातून स्क्रू निसटला.

घरी आईने सगळ्या जिन्याला सांगून ठेवलं होतं, की माझी मुलगी ज्या घड्याळाला हात लावते ते आपल्याला नुसतं बघायलाही मिळायचं नाही. त्या आईने ताटाकडे बघितलं.

"जेवत का नाहीस?"

"आई, माझा हात बिघडलाय."

"हात काय दूध आहे, बिघडायला?"

"तेच घड्याळ, आई. तीनदा परत आलं."

आईने डोळे बारीक केले. "मग घड्याळ पुरे झालं. आता घड्याळवाल्याला उघडून बघ."

पण ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती.

सोमवारी मॅनेजरबाईंनी तिला चौघांसमोर सांगितलं. "वरून पत्र आलंय. एका घड्याळाच्या तीन तक्रारी. तू आता पेनांकडे उभी राहा. महिन्याने ठरवतील, काचेआड बसायचं की नाही." तिच्या हत्यारांच्या खणाला कुलूप लागलं. त्या चौघांपैकी एकानेही मान वर केली नाही, आणि ते तिला जास्त लागलं.

शनिवारी हा हजर. तिचं स्टूल रिकामं. बघतो तर ती पेनांच्या बाजूला निब पुसत उभी.

"अरे वा, आज इकडे? म्हणजे आता पेनाची तक्रार आणायला हवी!"

"आणा की," ती मान वर न करता म्हणाली. "इथूनही काढतील, मग घरीच बसेन."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? तीन तक्रारी झाल्या. माझं टेबल गेलं."

ह्याचा चेहरा पांढराफटक. "ती वही... वर जाते?"

"मग काय चुलीत जाते?" आता तिने वर बघितलं, आणि डोळ्यांत पाणी होतं. "सहा वर्षं शिकले मी हे काम. तीन आठवडे माझ्याच हातांकडे चोरासारखी बघतेय. इतकं सुंदर लिहिता हो तुम्ही... माझी चूक इतक्या सुंदर अक्षरात मी कधी वाचली नव्हती."

ह्यावर माणसाने काय करावं? हा दार ढकलून बाहेर पडला. पळाला, दुसरा शब्द नाही.

कोपऱ्यावर जाऊन भिंतीला टेकला. पिशवी सावरत एक बाई थांबल्या. "किती वाजले हो?"

"चार... नाही, चार दहा." तो अडखळला. "हे बरोबर नाहीये."

"एवढं भारी घड्याळ आणि बरोबर नाही?" बाई पुटपुटत गेल्या.

त्याचे कान असे तापले, जणू कुणी दोन लगावल्या. तो मागे वळला.

भर दुकानात, मॅनेजरबाईंच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. आवाज फाटला होता, पण काचेआडच्या चौघांनाही ऐकू गेला. "घड्याळात खोट नाही. खोट माझ्यात आहे. दर वेळी मीच काटे मागे करून आणत होतो."

"कशासाठी?"

त्याने तिच्याकडे बोट केलं. पेन घेणाऱ्या एक आजीबाई टोपण हातात धरून तशाच राहिल्या. "...ह्यांना बघायला."

मॅनेजरबाईंनी वही उघडली. "लिहा."

तो लिहू लागला. ओळ चढावर गेली, वेलांट्या लटपटल्या, 'खोटे' शब्दावर शाईचा डाग पडला. बाईंनी पान उचलून वाचलं, 'तीनही वेळा मी खोटे बोललो, कारागिराचे काम निर्दोष आहे,' आणि खणाची किल्ली तिच्या हातात दिली.

तिचा चेहरा पेटला होता, आणि तो काही नुसत्या आनंदाने नाही. घड्याळ बिघडलं की वेडंवाकडं बिघडतं, कधी सहा मिनिटं, कधी अकरा. दर वेळी मोजून दहा बिघडतो तो माणूस. इतकी साधी गोष्ट आपल्याला दिसली नाही, कारण आपल्यालाही तो यायला हवा होता... ह्याची लाज तिची तिलाच ठाऊक.

"मी पुन्हा येणार नाही," तो खाली बघत म्हणाला.

"तुम्हाला विचारलंय कुणी?" तिने घड्याळ त्याच्या हातातून घेतलं, वेळ लावली, आणि स्वतः त्याच्या मनगटावर पट्टा बांधला. बांधताना बोटं जराही हलली नाहीत. मग त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "ऐका. तुम्ही लबाड नाही, भित्रे आहात. लबाडाला मी दार दाखवलं असतं. भित्र्याला एकदा माफ करते, दोनदा नाही. उद्या घरी या, आणि माझ्या आईला स्वतःच्या तोंडाने सांगा, की तिच्या मुलीचा हात बिघडला नव्हता. ती जे बोलेल ते उभ्याने ऐकायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. सगळं ऐकून झाल्यावरही तुमचे पाय जागेवर असले... तर चहा मी करीन."